जुन्या फ्लॅटचं बाथरूम आणि ओटा: टाइलवर टाइल चालेल का?

मधुमालती
कोथरूडमधली १९९६ची इमारत, दुसरा मजला. बाथरूम ७ बाय साडेचार फूट, कमोड त्यातच. खालच्या घराच्या छताला ओल उतरते आहे. ठेकेदार म्हणतो, जुन्या टाइल्सवरच नव्या चिकटवू, आठवड्यात काम उरकतं. मला पटत नाहीये. स्वयंपाकघरात एल आकाराचा ओटा, खाली कडप्प्याचे कप्पे. ते काढून प्लायचं मॉड्युलर करावं का? आणि उंची किती ठेवावी? सासूबाई ४ फूट ११ इंच, मी ५ फूट ५. स्वयंपाक दोघीही करतो.

नळदमयंती
टाइलवर टाइल कोरड्या भिंतीला ठीक. तुमची गळती टाइलच्या खाली आहे, वर काहीही चिकटवलं तरी ती थांबणार नाही.

फोडण्याआधी दोन-तीन दिवस ते बाथरूम वापरू नका, टाकीकडून येणारा व्हॉल्व्ह मात्र चालू ठेवा. कोब्यात (फरशीखालच्या विटा-मसाल्याच्या थरात) साठलेलं पाणी झिरपत राहतं, म्हणून एका रात्रीत निकाल लागत नाही. तरीही ओल तेवढीच राहिली तर भिंतीतली जीआय लाइन (जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी पाइप) सडलेली असणार. कमी झाली तर नहाणी ट्रॅपचा (फरशीवरचं पाणी जाणाऱ्या जाळीखालच्या भांड्याचा) सांधा, कमोडची जोडणी किंवा वॉटरप्रूफिंग. खालच्यांना ओलीची कड खडूने आखायला सांगा, फरक लगेच कळतो.

मग स्लॅबपर्यंत सगळं काढा. सन्क (बाथरूमखाली स्लॅब जेवढा खाली घेतलेला असतो ती खोली) ९ इंच असेल तर भरावच साडेतेवीस घनफूट होतो, म्हणजे टनभर राडारोडा. तीस-पस्तीस गोण्या धरा आणि त्या उचलण्याचे पैसे कोटेशनमध्ये आहेत का ते आधीच विचारा.

स्लॅब घासून धुवा. पाइप जिथे भिंतीतून जातात ती भोकं नॉन-श्रिंक ग्राउटने भरा, नुसत्या सिमेंटने नाही. ते आकसतं आणि पाइपभोवती केसाएवढी फट राहते. बहुतेक गळत्या इथेच. कोपऱ्यांत मसाल्याची गोलाई, त्यावर फायबर जाळी, मग दोन घटकांच्या पॉलिमर कोटिंगचे दोन हात, दुसरा हात पहिल्याला आडवा. भिंतीवर सन्कच्या वर फूटभर, शॉवरच्या बाजूला ६ फूट. कोटिंग वाळलं की पाणी कोंडून ४८ तास ठेवा आणि खाली जाऊन छत बघा. कोबा झाल्यावर हीच परीक्षा परत. पहिली गाळायला ठेकेदार हमखास बघतो.

कोब्याचे विटांचे तुकडे आधी भिजवून घ्या, नाहीतर ते मसाल्यातलं पाणी शोषतात आणि कोबा भुसभुशीत होतो. उतार ७ फुटांत १ इंच. दारापाशी बाथरूमची फरशी खोलीपेक्षा किमान अर्धा इंच खाली.

ओटाबाज
बाथरूमचं वर आलंच आहे, मी ओट्याचं सांगतो.

उंची कोपरावरून काढा: उभं राहून कोपर वाकवलं की त्याखाली ४ ते ६ इंच. सासूबाईंना साधारण ३१-३२ येईल, तुम्हाला ३५च्या आसपास. एल आकार असल्यामुळे मार्ग आहे. शेगडीची बाजू ३२, सिंकची बाजू ३४. शेगडीच ४-५ इंच उंची वाढवते, आणि सिंकचा तळ ओट्यापेक्षा ८ इंच खाली असतो, त्यामुळे भांडी घासणाऱ्याची कंबर वाचते.

कडप्पा सरळ असेल तर मोडू नका, हे माझं ठाम मत. त्याला वाळवी नाही, फुगणं नाही. ३०४ दर्जाच्या (सहसा न गंजणाऱ्या) स्टीलच्या ट्रॉल्या बसवा, पुढे फक्त नवी शटर. अडचण एकच: जुने गाळे ओळंब्यात नसतात, म्हणून माप पुढे, मागे, वर, खाली घ्या आणि सगळ्यांत कमी आलेल्या मापावर ट्रॉली मागवा. प्लायच करायचं तर आयएस ७१०चा (पाण्याला टिकणाऱ्या मरीन प्लायच्या मानकाचा) शिक्का बघून घ्या, कापलेल्या कडा बंद करून घ्या, आणि सिंकखालचा गाळा कडप्प्याचाच ठेवा.

ग्रॅनाइट ओट्याच्या पुढे इंचभर काढा आणि खालून खाच मारून घ्या. ती नसेल तर पाणी कडेवरून आत वळून शटरवर उतरतं.

मधुमालती
दोन उंच्या विचित्र नाही दिसणार?

ओटाबाज
कोपऱ्यातच पायरी येऊ दिली आणि उभी पट्टी त्याच ग्रॅनाइटची लावली तर मुद्दाम केल्यासारखं दिसतं. मात्र कोपऱ्यातून जड पातेलं सरकवता येणार नाही, उचलावं लागेल. दोघींनी आधी पुठ्ठा ठेवून बघा.

साडेतीन_वायर
वायरिंग टाइल्सच्या आधी. गीझरला स्वतंत्र ४ चौरस मिलिमीटरची लाइन, ओव्हनला २.५, दोन्हीकडे १६ अँपिअर सॉकेट, आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच). सिंकखाली आरओसाठी ६ अँपिअरचा पॉइंट आत्ताच काढा.

भिंत ४ इंची असेल तर भिंतीत बसणारी फ्लश टाकी विसरा. जुना एस ट्रॅप (कमोडचा निचरा खाली जमिनीत) असेल तर भिंतीच्या नव्या टाइलपासून निचऱ्याच्या पाइपच्या मध्यापर्यंतचं अंतर मोजूनच कमोड घ्या. बहुतेक ९ इंच असतं, पण जाड मसाला लावला की साडेआठच उरतं आणि टाकी भिंतीला अडते. डायव्हर्टरच्या (पाणी नळाकडे किंवा शॉवरकडे वळवणाऱ्या, भिंतीत बसणाऱ्या कॉकच्या) बॉडीवर प्लास्टरची खूण असते, टाइल त्या दोन रेषांच्या मध्ये यायला हवी.

व्हिट्रिफाइड टाइल पाणी पीत नाही, म्हणून सिमेंटच्या घोळाने धरत नाही, अ‍ॅडेसिव्हच लागतं. जमिनीला मॅट, न घसरण्याची श्रेणी आर१०च्या खाली नको. बोअरचं पाणी असेल तर काळे नळ घेऊ नका, क्षारांचे पांढरे डाग आठवड्यात दिसतात.

भिंती बंद करण्याआधी प्रत्येक पाइपशेजारी टेप धरून फोटो काढा. पुढे आरशासाठी ड्रिल मारताना तोच नकाशा.