युक्रेनहून आलेला आतेभाऊ अजून फटाक्यांना दचकतो, काय करावं?

लातूरकर_पुणे:
माझा आतेभाऊ खारकीवला मेडिकलला होता. २४ फेब्रुवारी २०२२ ला पहाटे स्फोट सुरू झाले तेव्हापासून होस्टेलच्या तळघरात, मग २ मार्चला एम्बसीचा मेसेज आला की संध्याकाळी ६ च्या आत शहर सोडा, गाडी मिळत नसेल तर चालत निघा, म्हणून हा आणि त्याचे मित्र जवळच्या पिसोचिन गावापर्यंत ११ किमी थंडीत चालत गेले. ऑपरेशन गंगामधून घरी आला, आत्याने ओवाळलं, आम्हाला वाटलं संपलं. राहिलेली डिग्री जॉर्जियातून केली, आता एफएमजीईचा, म्हणजे परदेशात डॉक्टरकी शिकलेल्यांना इथे द्यावी लागते त्या परीक्षेचा अभ्यास चालूय.
पण गेल्या दिवाळीत गल्लीत सुतळी बॉम्ब फुटला आणि हा भरल्या ताटावरून उठून जिन्याखाली जाऊन बसला. नंतर स्वतःच हसला. झोप धड नाही, आणि खारकीवच्या सायरनचं अॅप अजून फोनमध्ये चालू! रात्री तीनला फोन ओरडतो, आत्या म्हणते काढून टाक तर चिडतो. माझे बाबा म्हणतात, तो काय सैनिक होता का, विसर म्हणावं आता.

गिरगावकर_काका:
७१ च्या लढाईत मुंबईत ब्लॅकआउट व्हायचा, काचांना काळे कागद, भोंगा वाजला की दिवे बंद. आम्ही पोरं मजा करायचो. कुणाला काही झालं नाही हो. हल्ली आजारांची नावं फार निघालीत.

समुपदेशक_नाशिक:
काका, अर्धं बरोबर आहे तुमचं. लंडनवर १९४० मध्ये रोज बॉम्ब पडायला लागले तेव्हा वेड्यांची इस्पितळं भरतील असं सरकारला वाटलं होतं, तसं झालं नाही. बहुतेक माणसं सावरतात. पण बहुतेक म्हणजे सगळी नव्हे ना, जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे की युद्धग्रस्त भागात साधारण २२ टक्के लोकांना डिप्रेशन, अँग्झायटी, पीटीएसडी (मोठ्या धक्क्यानंतर मागे राहणारा मानसिक त्रास) असं काहीतरी असतं. आणि ब्लॅकआउटमध्ये बसणं वेगळं, छतावर बॉम्ब पडेल म्हणून बसणं वेगळं.
लातूरकर, "काय काय पाहिलंस सांग" असं खोदून विचारू नका, जबरदस्तीने बोलतं केल्याने फायदा होत नाही हे आता नीट माहीत झालंय. झोपेच्या गोळ्या मेडिकलवाल्याकडून आणू देऊ नका (डॉक्टर होणारा आहे म्हणून मुद्दाम सांगते). ट्रॉमासाठीची सीबीटी किंवा ईएमडीआर (अशा धक्क्यांवरच्या उपचारपद्धती) करणारा थेरपिस्ट शोधा, इतक्या वर्षांनीही उपयोग होतो. टेलिमानसला (सरकारची मानसिक आरोग्य हेल्पलाइन) १४४१६ वर मराठीत बोलता येतं, फुकट आहे.

अश्दोदकर:
मी इस्राएलमधून, आमचे आजोबा अलिबागकडचे. इथे सायरन झाला की ४५ सेकंदात ममादमध्ये, म्हणजे घरातली जाड भिंतीची खोली. माझी बायको अजून दार उघडं ठेवून आंघोळ करते, आणि खाली कुणी मोटरसायकलचा गिअर टाकला तरी आमचे दोघांचे हात थांबतात, तो आवाज सुरुवातीला अगदी सायरनसारखा चढतो. आम्हाला खोली तरी आहे, गाझातल्या लेकरांना ना सायरन ना खोली. एक पॅलेस्टिनी मानसोपचारतज्ज्ञ, समाह जब्र, म्हणतात की पीटीएसडीतलं 'पोस्ट', म्हणजे 'नंतर', आमच्याकडे आलेलंच नाही. तुमच्या भावाचंही तसंच नसेल ना? त्याचं खारकीव संपलंय कुठे.

लातूरकर_पुणे:
काल अॅपचं विचारलं, न रागावता. होस्टेलच्या वॉर्डन बाई तिकडेच आहेत, त्यांची नात मेट्रो स्टेशनात भरणाऱ्या शाळेत जाते. सायरन वाजला की हा त्यांना मेसेज टाकतो, तिकडून अंगठा आला की झोपतो. नाही आला तर सकाळपर्यंत जागा. आम्हाला वाटत होतं हा मोबाइल खेळतोय. बाबांना सांगितलं, ते गप्प बसले, पटलंय का माहीत नाही.
१४४१६ ला तो स्वतः लावणार नाही, मी त्याच्यासाठी लावलं तर चालतं का?

समुपदेशक_नाशिक:
चालतं. घरच्यांनीही लावतात. आणि अॅप राहू दे सध्या, फक्त रात्री फोन उशाशी न ठेवता टेबलावर ठेवतो का बघा.