घडी घातलेल्या चादरीच्या आकाराचं शोरूम: कल्पकता की खूळ?

घडीमोड (धागाकर्ता):

आमच्या दाजींचा चादरी-टॉवेलांचा धंदा. सोलापुरात पुणे हायवेला त्यांनी जागा घेतलीय, तिथे शोरूम काढायचंय. इथवर सगळं ठीक. पण त्यांना ते शोरूम एकावर एक रचलेल्या घडीच्या चादरींसारखं दिसायला हवंय. तीन मजले म्हणजे तीन घड्या, कडा गोल वळलेल्या, आणि दर्शनी बाजूला सिमेंटचा भलामोठा मोर. हैदराबादला मत्स्य विकास मंडळाची इमारत आहे, अख्खी माशाच्या आकाराची, डोळ्या-शेपटीसकट. तिचा फोटो कुणीतरी पाठवला आणि तेव्हापासून दाजींची झोप उडाली. घरात दोन तट पडलेत, म्हणून इथे विचारतोय.

माझं मत आधीच सांगून टाकतो. मला हे खूळ वाटतं.

'क्रिएटिव्ह' म्हटलं की आपल्याला दुसऱ्याच कशासारखी तरी दिसणारी वस्तूच का आठवते? बंगल्यावरची पाण्याची टाकी फुटबॉलसारखी, टेलिफोन बुटासारखा. फिलिप स्टार्क या फ्रेंच डिझायनरचं १९९० चं लिंबू पिळायचं यंत्र बघा. तीन लांब पायांवर उभं, थेट कोळी. जगभर गाजलं, संग्रहालयांत गेलं. पण बिया अडवायला त्याला गाळणीच नाही. रसाबरोबर बियाही पेल्यात. आपलं दोन दांड्यांचं लिंबूपिळणं दिसायला ओबडधोबड, पण बी सोडत नाही.

आता चादर घ्या. घरात सोलापुरी असेल तर आत्ताच काढा आणि मोराची मान डोळ्याजवळ धरून बघा. लांबून गोल वाटते, खरं तर पायऱ्यापायऱ्यांची आहे. मागावर गोल रेघ निघतच नाही. ताणा उभा, बाणा आडवा. दोघं एकमेकांना छेदतात तेवढंच एक घर, ते भरायचं नाहीतर मोकळं सोडायचं. डिझाईन काढणारा चौकटीच्या कागदावर तेच करत बसतो. त्यावरून पुठ्ठ्याच्या कार्डांना भोकं पाडायची, बाण्याच्या एका फेरीला एक कार्ड, आणि कार्डांची माळ जॅकार्डवर, म्हणजे मागावरच्या नक्षीच्या यंत्रावर, चढवायची. भोक आलं की तिथला ताण्याचा धागा उचलला जातो, नाही आलं की खालीच राहतो. फ्रान्सातल्या लिऑनच्या जॅकार्डने १८०४ च्या सुमारास हे जमवलं. वर आणखी अट अशी की चादर दोन्ही अंगांनी वापरता यावी. इकडून लालवर पांढरा मोर, उलटी केली की पांढऱ्यावर लाल. कारखान्याचं नावसुद्धा कडेला विणलेलं, छापलेलं नाही.

एवढ्या अडचणीतून ज्याने मान वळवली तो माझ्या मते कल्पक. सिमेंट काय, वाकवाल तसं वाकतं.

बोला आता.

होटगी_नाका:

मालक, हायवेवरून ऐंशीच्या स्पीडने जाणारा माणूस मोराची मान डोळ्याजवळ धरायला थांबणार आहे का? आधी त्याला ब्रेक मारायला लावायचाय. चादर चांगली आहे हे त्याला आत आल्यावर कळेल, पण आत कशाने येणार?

अमेरिकेत लाँग आयलंडवर १९३१ साली बदकं पाळणाऱ्या एकाने बदकाच्याच आकाराचं दुकान बांधलं. पांढरंशुभ्र सिमेंटचं बदक, आत विकायला बदकं आणि अंडी. त्याचा धंदा केव्हाच बंद पडला, बदक अजून उभं आहे आणि लोक वाट वाकडी करून बघायला जातात. सरकारने वारसा म्हणून नोंदवलंय. बांधू द्या की दाजींना. तुमच्या खिशातून चाललंय का?

घडीमोड:

अर्धं माझ्याच खिशातून. मुद्दाम लिहिलं नव्हतं.

रेषा_आणि_वीट:

बदकाचा विषय निघालाच आहे तर सांगतो, मी आर्किटेक्ट आहे. आमच्या अभ्यासात हे बदक फार प्रसिद्ध. व्हेंच्युरी आणि स्कॉट ब्राऊन या आर्किटेक्ट जोडीने १९७० च्या सुमारास इमारतींचे दोन प्रकार केले. एक 'बदक', म्हणजे इमारत स्वतःच पाटी. दुसरी साधी शेड, जिच्यावर वेगळी पाटी लावलेली. त्यांचा कल शेडकडे होता आणि व्यवहार बघता माझाही आहे.

कारण सोपं. अमेरिकेतच ओहायोमध्ये टोपल्या विकणाऱ्या एका कंपनीने १९९७ ला टोपलीच्या आकाराचं सात मजली ऑफिस बांधलं. वर दांड्यासुद्धा, आणि त्यांच्यावर बर्फ साचू नये म्हणून त्या तापवायची सोय! २०१६ ला कंपनी तिथून निघाली. आता टोपलीत बसून दुसरा धंदा कोण करणार? उद्या दाजींच्या मुलाने चादरी सोडून फर्निचर विकायचं ठरवलं तर?

दुसरी गोष्ट ऊन. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४३ ला सहज टेकतो आणि लोक हायवेला काचेचे दर्शनी भाग उभारतात, मग एसीच्या बिलाच्या नावाने बोटं मोडतात. लंडनमध्ये २०१३ साली एका टॉवरच्या आत वळलेल्या काचेमुळे ऊन एका जागी एकवटलं आणि खाली लावलेल्या गाडीचे भाग वितळले. लंडनच्या उन्हात!

पण घडीची कल्पना मी पूर्ण मोडीत काढत नाही. प्रत्येक वरची घडी खालच्यापेक्षा चार फूट पुढे काढली तर तो छज्जाच झाला. दक्षिणेचं ऊन डोक्यावरून येतं, ते छज्जाने अडतं. पश्चिमेचं तिरपं आत घुसतं, तिथे छज्जा हात टेकतो, जाळीच लागते. सिमेंटच्या चौकोनी जाळ्या बाजारात मिळतात, काही भरीव लावायच्या, काही पोकळ. बघा, घडीमोड, तुमचा चौकटीचा कागद भिंतीवर आला. त्यात मोर बसवून दाखवा.

घडीमोड:

हे दाजींना दाखवतो. मला स्वतःला पटतंय, आणि पटतंय याचाच राग येतोय.

भद्रावतीपेठ:

सगळ्यांनी मिळून मोर-मोर काय करलालाय बे? आमचा कारखाना आहे म्हणून बोलतो. इतक्या वर्षांत तोच मोर, तोच गुलाब, तीच वेलबुट्टी. कार्डांचा नवा संच करायचा म्हणजे डिझाईनवाल्याचे पैसे, पंचिंगचे पैसे, माग थांबवून नवी माळ चढवायची. एवढं करून माल उठला नाही तर? म्हणून बापाने केलेलं डिझाईन पोरगा चालवतो. आता इलेक्ट्रॉनिक जॅकार्ड आलेत, डिझाईन पेन ड्राइव्हमधून जातं, तरी काढतात काय, तर मोर. आता अडचण मशिनची राहिली नाही, डोक्याची आहे.

आणि घडीमोड, अडचणीचं एवढं कौतुक ज्याला माग चालवायचा नसतो तोच करतो. मजुरी मालावर असते. डिझाईन किचकट, धागा तुटला, माग थांबला की कामगाराचंच नुकसान. त्याला विचारा मोर आवडतो का.

सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन, म्हणजे ते नाव इथल्याच मालाला लावायचा हक्क, मिळालं म्हणून आम्ही पेढे वाटले. दुसरीकडे विणलेल्या चादरी सोलापुरी म्हणून अजून विकल्या जातातच. नक्कल करायला सोपं का, तर आपण बदलतच नाही. दाजी निदान काहीतरी नवं करायचं म्हणताहेत. माझं मत दाजींना.

बाळीवेस:

भद्रावतीपेठ +१. शिवाय धागाकर्त्याचा 'कामाचं तेच सुंदर' हा हिशेब गावाला लावला तर सोलापुरात उरेल काय? अप्पासाहेब वारदांना इंद्रभुवन बांधताना कुणी सुनावलं असतं की एवढी नक्षी कशाला, चार भिंती पुरेत, तर आज महापालिकेची असलेली तीच इमारत लोक मान वर करून बघतात, तशी बघितली असती का? आणि सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत सात नंदीध्वज, म्हणजे सजवलेल्या उंच काठ्या, निघतात ते बघा. काठी न सजवता नेली तरी पोचेलच की! तरी सजवतातच ना? थाटमाटालाही किंमत असते.

रेषा_आणि_वीट:

इंद्रभुवनाच्या नक्षीखाली जाड भिंती आहेत, बाळीवेस. थाट आहेच, पण नुसता थाट नाही.

बाळीवेस:

म्हणजे थाट चालतो. हेच तर म्हणतोय मी.

कुंभारीकर:

पुरुषमंडळींची चर्चा वाचली. जरा माझ्या आजीच्या मांडीवरचं सूप बघा. बिड्या वळायची ती. सुपात तंबाखू, ओल्या फडक्यात पानं, कात्री, दोऱ्याचं रीळ आणि पानं मापात कापायला पत्र्याची पट्टी. हात वीतभरसुद्धा लांब न्यायला नको. त्या सुपाला कुणी डिझाईन म्हणत नाही, पण दोन दांड्यांच्या लिंबूपिळण्यापेक्षा ते कितीतरी पुढचं आहे.

अमेरिकेचे ईम्स हे डिझायनर नवरा-बायको सरकारच्या बोलावण्यावरून आपल्या देशात फिरले. १९५८ च्या त्यांच्या अहवालात लोट्याचं फार कौतुक आहे. एका माणसाने नाही, पिढ्यांनी घडवलेली वस्तू म्हणून. कमरेवर कसा बसतो, पाणी कसं ओततो, घासायला किती सोपा, सगळा विचार. त्या अहवालातूनच पुढे १९६१ ला अहमदाबादची राष्ट्रीय डिझाईन संस्था उभी राहिली. छानच.

पण पिढ्यांनी घडवलेली वस्तू कामाच्या सोयीची असते, काम करणाऱ्या बाईच्या सोयीची असेलच असं नाही. सूप हाताला बरोबर, आणि दिवसभर मांडी घालून वाकून आजीची कंबर गेली. तिच्या बैठकीचा विचार कोणत्या पिढीने केला? कुंभारीला रे नगरमध्ये तीस हजार घरांचा प्रकल्प आहे, जानेवारी २०२४ मध्ये त्यातल्या पंधरा हजार घरांच्या चाव्या दिल्या गेल्या. विडी कामगार, यंत्रमाग कामगार तिथे राहायला आले. त्या घरात सूप घेऊन बसायला उजेडाची, पाठ टेकायची जागा काढून द्या कुणीतरी. कल्पकता तिथे खर्च करा. दाजींचं शोरूम घडीचं झालं काय आणि गाठोड्याचं झालं काय.

होटगी_नाका:

ताई, मुद्दा बरोबर आहे, पण धागा शोरूमचा आहे.

कुंभारीकर:

तेच तर. धागा नेहमी शोरूमचाच असतो.

जुना_माळवदी:

आमचा वाडा माळवदाचा, म्हणजे मातीच्या सपाट छताचा होता. भर मे महिन्यात खाली पंख्याशिवाय झोपायचो. सिमेंटच्या घड्या कसल्या बांधताय, जाड मातीचं माळवद टाका. झालं डिझाईन.

भद्रावतीपेठ:

काका, दर पावसाळ्याआधी त्याच्यावर माती टाकायला कोण चढायचं तेही लिहा. पहिल्या पावसात स्वयंपाकघरात गळायचं तेही. आमच्या आईने स्लॅब टाकला त्या दिवशी पुरणपोळी केली होती.

घडीमोड:

घरी सगळं वाचून दाखवलं. रेषा_आणि_वीट, पुढे काढलेल्या घड्यांवर दाजी तयार आहेत, कडा गोल नकोत हेही मान्य, कारण गोल शटरिंगचा खर्च कानावर गेला. बदलणारं डिझाईन हवं हे भद्रावतीपेठ यांचं म्हणणं त्यांना फारच आवडलं, त्यामुळे आता ते स्वतःला कलाकार समजताहेत.

जाळी मात्र आमच्या ताईने, म्हणजे दाजींच्या बायकोने, उडवून लावली. तिचं म्हणणं, जाळीतून हायवेची धूळ येणार, पांढऱ्या टॉवेलांची तासाभरात वाट लागणार, आणि जाळी पुसायला तुम्ही येणार नाही, मीच येणार. तिला हवंय काय तर तळमजल्यावर लांबलचक गादी. गिऱ्हाईक चादर घडीत बघून घेत नाही, उलगडून, दोन्ही अंगांनी बघून घेतं, आणि आत्ताच्या दुकानात उलगडायलाच जागा नाही. नकाशात आतापर्यंत ती गादी कुणीच धरलेली नव्हती, आर्किटेक्टनेही नाही, मीही नाही.

रेषा_आणि_वीट:

जाळीच्या आत काच लावली तर धूळ अडते आणि बरंचसं ऊन काचेपर्यंत पोचत नाही. फक्त मध्ये माणूस शिरेल एवढी जागा सोडा, पुसण्यासाठी. पण गादीबद्दल ताईंचं शंभर टक्के बरोबर. आधी गादी आखा, भिंती तिच्याभोवती.

होटगी_नाका:

हे सगळं करून हायवेवरून दिसणार काय? तीन छज्जे आणि एक जाळी. ब्रेक कोण मारणार?

घडीमोड:

दाजीही तेच विचारताहेत. मोर सध्या पाटीवर गेलाय, रात्री दिवे लावून. त्याची मान चौकोनी ठेवायची की गोल, यावर आज जेवताना पुन्हा वाजलं.

भद्रावतीपेठ:

मोरच का पण?