एम्ब्रियो टेस्टिंग सगळ्यांनीच करायचं? मला नाही पटत

मालवणची लेक
काल इथे एकांनी लिहिलं, 'आयव्हीएफमध्ये पीजीटी, म्हणजे लॅबमध्ये तयार झालेल्या एम्ब्रियोची (गर्भाची) जनुकीय तपासणी, न करता ट्रान्सफर घेणं, म्हणजे तो गर्भाशयात सोडून घेणं, हा बेजबाबदारपणा.' वाचून डोकंच फिरलं. नवरा-बायको दोघंही थॅलेसेमिया मायनर (या रक्तविकाराचे नुसते वाहक) असतील तर प्रत्येक वेळी मेजर, म्हणजे गंभीर आजार असलेल्या, बाळाची शक्यता 25 टक्के. तिथे तपासणी हवीच, त्यावर वाद नाही. पण आज ज्याला-त्याला गळ्यात मारतात ती पीजीटी-ए, क्रोमोसोम मोजायची. पाचव्या-सहाव्या दिवशी एम्ब्रियोच्या बाहेरच्या थरातल्या थोड्या पेशी काढतात. त्या थरापासून पुढे वार होते, बाळ नाही. त्यावरून अख्ख्या एम्ब्रियोचा निकाल! 'मोझॅइक' (काही पेशी नॉर्मल, काही ॲबनॉर्मल) म्हणून बाजूला ठेवायच्या एम्ब्रियोंपासून निरोगी बाळं झाल्याचं इटलीतल्या डॉक्टरांनी 2015 मध्येच छापलंय. 2021 चा चीनमधला अभ्यास घ्या, 1,212 बायका. तपासणी केलेल्यांपैकी 77.2 टक्के जणींना बाळ झालं, न केलेल्यांत 81.8.

माझ्या नणंदेचे दोनच एम्ब्रियो. एक ॲबनॉर्मल निघाला. दुसऱ्याचा रिपोर्टच लागला नाही, म्हणून गोठवलेला तो थॉ करून (वितळवून) परत बायोप्सी केली, म्हणजे पेशी काढल्या, तर तो तगलाच नाही. ट्रान्सफर न होताच सायकल संपली. दोनच असताना तपासायची घाई कोणाला होती?

चिपळूणकरीण
ताई, त्या अभ्यासातल्या बायका 20 ते 37 वयाच्या, आणि प्रत्येकीचे निदान तीन चांगले एम्ब्रियो. मी चाळिशीतली. शिवाय त्याच अभ्यासात गर्भ पडण्याचं प्रमाण 12.6 टक्क्यांवरून 8.7 वर आलं, ते का गाळलंत? सोनोग्राफीत ठोके दिसायचे आणि पुढच्या वेळी डॉक्टर हळूच स्क्रीन स्वतःकडे वळवायचे. मग क्युरेटिंग. घरी सासूबाई शेजारणींना 'तिला कावीळ झालीय' म्हणून सांगायच्या. हे पुन्हा पुन्हा झालं. शेवटी टेस्ट केली, आणि त्यातूनच मुलगी झाली. तुमची आकडेवारी तुमच्यापाशी ठेवा.

देवगडकर
टेस्टचा सोडा, आधी थंय पोचूक तर होया! देवगडातून मुंबयक जाऊचा म्हणजे रात्रभर गाडी. पीजीटी केलास की एम्ब्रियो फ्रीज, रिपोर्टची वाट, मगे ट्रान्सफरसाठी परत फेरी. 2011 पासून हायवेचा काम चललाहा. ह्या खड्ड्यांतसून ट्रान्सफर झालेली बाईल घराक आणूची कशी?

दादर-दापोली
ट्रान्सफरनंतर प्रवासाने एम्ब्रियो पडत नाही. झोपून राहायचीही गरज नसते. उगाच बायकांना घाबरवू नका.

देवगडकर
तुमी दादराक बसान सांगतास! माझ्या बायलेक डॉक्टरनीच सांगल्यान, थंयच ऱ्हवा. मगे लॉजचा भाडा, माझो बागेतलो खाडो. आंब्याचो सीझन कोणासाठी थांबता काय?

दादर-दापोली
म्हणजे लॉजचा खर्च त्या सल्ल्यामुळे झाला, एम्ब्रियोमुळे नाही. आणि खर्चच झेपत नसेल तर आयव्हीएफमध्ये पडायचंच कशाला?

मालवणची लेक
हे वाक्य मागे घ्या. मूल हवं असणं ही पैसेवाल्यांची मक्तेदारी नाही. आमच्याकडच्या बायका फॉलिकल (अंडाशयातल्या बीजाच्या पिशव्या) बघायच्या साध्या सोनोग्राफीसाठी दिवस मोडतात, आणि तुम्ही झेपण्याच्या गोष्टी करता?

दादर-दापोली
बरं, मागे घेतलं. पण फॉलिकलची सोनोग्राफी गावाजवळ करून रिपोर्ट मुंबईला पाठवता येतो. किती सेंटर हे आपणहून सांगतात? ते विचारा की.

चिपळूणकरीण
यावर मात्र मी देवगडकरांच्या बाजूने. आमच्या सेंटरने एकदाही सांगितलं नाही. इंजेक्शनंसुद्धा बर्फाच्या डब्यातून रेल्वेने आणली आम्ही.

मालवणची लेक
चिपळूणकरीणताई, तुमच्यासारख्या, वय वाढलेलं आणि वारंवार गर्भ पडलेला, त्यांनी टेस्टचा विचार जरूर करावा. एवढं देते. पण तिशीतल्या पोरीला, पहिल्याच सायकलला, दोन एम्ब्रियोंवर 'करूनच घ्या' म्हणणं मला मान्य नाही. तिला आधी विचारा: दोन्ही ॲबनॉर्मल आले तर पुन्हा पिकअप (बीजं काढणं) करायची तयारी आहे का? माझ्या नणंदेला हे कोणी विचारलं नाही.

चिपळूणकरीण
विचारायला हवं होतं, ते खरं. टेस्ट चुकीची होती, हे त्याने ठरत नाही.

देवगडकर
तुमचा चलांदे. कणकवलीत रविवारी फॉलिकलची सोनोग्राफी करणारा कोण आसा, ता कोणाक म्हायती असात तर सांगा. येत्या रविवारी होई.