टाटा 407 : इलेक्ट्रिक डिझेल पंप लोडमध्येच दगा देतो, दोन पंप बदलून झाले

वरुडचा_संत्रावाला

नमस्कार भाऊ लोकं. गाडी टाटा 407, 2002 चं मॉडेल, बाबांच्या हातची. दीड वर्षाआधी इंजिनवरचा फीड पंप (टाकीतून डिझेल ओढणारा) डिझेल गळायला लागला होता. मिस्त्रीनं तो बायपास केला अन् टाकीजवळ चेसिसवर बारा व्होल्टचा इलेक्ट्रिक पंप बसवून दिला. म्हणाला, आता हातपंप मारून एअर काढायचं कामच नाही, चाबी फिरवली की डिझेल वर. सात-आठ महिने खरंच काही त्रास नव्हता.

आता हाल असे आहेत. दिवसा रिकामी गाडी गावात, शेतात कुठंही फिरवा, काही होत नाही. संत्र्याचे कॅरेट भरून नागपूरला कळमन्याच्या बाजारात निघालो की काटोल यायच्या आधी पिकअप जातो. अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबून ठेवला तरी गाडी ओढत नाही, मग झटके, मग बंद. बाजूला घेतो, सगळं बंद करून पंधरा-वीस मिनिटं बसतो, सेल्फ मारला की अर्ध्या चाबीत चालू. पुन्हा दहा-पंधरा किलोमीटर, पुन्हा तेच.

मी खाली वाकून पंपाला कान लावून पाहिला. एरवी तो टक-टक-टक असा खणखणीत बोलतो. गाडी मरायला लागली की आवाज बसतो अन् दोन ठोक्यांमध्ये अंतर पडते, दमलेल्या माणसासारखं.

आतापर्यंत केलेलं : दोन डिझेल फिल्टर, टाकीपासूनचा रबरी पाइप नवा, पंप दोनदा नवा. काढलेला पंप दुकानात बॅटरीवर लावून पाहिला तर बादलीत धो-धो डिझेल टाकते. मिस्त्री म्हणतो लोड जास्त अन् गर्मी जास्त, म्हणून होऊन राहिलं.

मागच्या खेपेला पहाटेच्या लिलावाला पोहोचलोच नाही. मृग बहाराचा शेवटचा माल होता, दुपारपर्यंत उन्हात उभा राहिला अन् पडत्या भावात द्यावा लागला. माझ्या एकट्याचा माल असता तर गिळलं असतं, पण त्यात शेजारच्या दोन घरांचे कॅरेट होते. त्यांना काय तोंड दाखवू? तिसरा पंप घेण्याआधी विचारून राहिलो. काय पाहू?

अकोट_कापूस_गाडी

भाऊ, हे व्हेपर लॉक आहे. आपल्याकडची गर्मी काही साधी नाही. पंपावर ओलं फडकं टाकून पाहा, माझ्या मामाच्या जुन्या जीपला तसंच करत होते.

वायरमन_यवतमाळ

अकोटवाले भाऊ, मामांची जीप पेट्रोलची असेल. पेट्रोल गरमीत पाइपातच वाफ होते, म्हणून ओल्या फडक्यानं फरक पडते. डिझेल इतक्या सहज वाफ होत नाही. डिझेल गाडीत असं वाटलं तर ते बहुतेक करून कुठून तरी हवा ओढणं असते, नाही तर पंपच कमी मारत असते.

संत्रावाले भाऊ, तुमच्या लिहिण्यातली एक गोष्ट मला खटकली. रिकामी गाडी तुम्ही दिवसा चालवता. पहाटेचा लिलाव गाठायचा म्हणजे लोड घेऊन रात्रीच निघत असाल. म्हणजे लोड आहे तेव्हा लाइटही चालू आहेत. बंद पडल्यावर तुम्ही चाबी काढता, लाइट बंद करता, वीस मिनिटांनी सेल्फ मारता. तेव्हाही लाइट बंदच. मग रात्री एक वाजता गर्मीचा काय संबंध?

आता पंपाची मायनस वायर कुठं कसली आहे ते पाहा. बावीस वर्षांत मी अशा जेवढ्या गाड्या पाहिल्या, त्यातल्या बहुतेकांत ती मागच्या टेल लाइटच्या अर्थिंगच्याच (चेसिसमधून मायनसला परत जायच्या जोडाच्या) बोल्टला लावलेली असते, कारण तिथं जवळ पडते. त्या बोल्टखाली गंज, रंग, डिझेल लागलेली माती. टेल लाइटचे बल्ब बारीक, पण ब्रेक लाइटचे दोन बल्ब 21-21 वॅटचे असतात. ते सगळे मिळून त्याच गंजातून करंट परत पाठवायला जातात अन् तुमच्या पंपाचा व्होल्टेज खाऊन टाकतात. जोड गरम झाला की आणखी खराब होते, म्हणून पहिले काही किलोमीटर बरे जातात. दुकानात बॅटरीवर पंप धो-धो मारणारच, तिथं ही वायर कुठं आहे?

पैसा न लावता पाहायचं असेल तर इंजिन चालू ठेवा, सगळे लाइट लावा, पंपाला कान लावा अन् पोराला ब्रेक दाबायला सांगा. ब्रेक दाबला की ठोके मंद झाले तर पंप निर्दोष आहे.

मग मल्टिमीटर घ्या. काळी पिन थेट बॅटरीच्या मायनस खांबावर (लांब वायर जोडून घ्या), लाल पिन पंपाच्या मायनस टोकावर. पंप चालू पाहिजे, बंद पंपावर मोजून काही कळत नाही. पाव व्होल्टच्या आत दिसलं पाहिजे. जास्त दिसलं तेवढं अर्थिंगमध्ये वाया जाऊन राहिलं. तसंच बॅटरीच्या प्लसपासून पंपाच्या प्लसपर्यंत मोजा. आकडे इथं टाका, अंदाजानं पंप बदलू नका.

जुना_डायव्हर_आर्वी

बाप्पा, वायरिंगचं वायरमनच सांगतील, मी डिझेलचं सांगतो. पंप मंद होतो म्हणतोस म्हणजे त्यांचं बरोबर असू शकते, पण एकाच गोष्टीवर बसू नको. पुढच्या वेळी बंद पडली की आधी टाकीचं झाकण उघड. फुस्स करून हवा आत गेली तर झाकणाचं श्वासाचं छिद्र मातीनं बुजलं आहे, टाकीत व्हॅक्यूम होऊन डिझेल येत नाही. दुसरं, टाकीतल्या पाइपाच्या तोंडची जाळी. आपण शेतात ड्रममधून डिझेल टाकतो, त्याच्या तळाचा गाळ जाते कुठं? टाकीचा ड्रेन नट उघडून दोन लिटर काचेच्या बरणीत घे अन् रातभर ठेव. पाणी असलं तर खाली वेगळं दिसते.

तिसरं मनापासून सांगतो, जुना फीड पंप फेकला नसशील तर तो बनवून परत लाव. पिस्टन, स्प्रिंग, दोन व्हॉल्व्ह, वायसर, एवढंच त्याच्यात असते, किट मिळते. इंजिनवर चालते, वायरीच्या भरवशावर नाही. इंजिनच्या इनलाइन पंपाला (नोझलला डिझेल मारणारा मोठा पंप) लोडमध्ये दाबानं डिझेल पाहिजे अन् हे टकटक करणारे लहान पंप तेवढा दाब देत नाहीत. इलेक्ट्रिक पंप राहू दे टाकीजवळ, फीड पंपाच्या आधी, मदतीला. एअर काढायला कामी पडेल. पण सगळी गाडी त्याच्या एकट्याच्या खांद्यावर देऊ नको.

वरुडचा_संत्रावाला

वायरमन भाऊ, काल रात्री अंगणातच पाहिलं. तुम्ही म्हणाले तसंच लहान भावाला ब्रेक दाबायला लावलं. टक-टक-टक चालू होतं, ब्रेक दाबल्याबरोबर टक... टक... टक. सोडला की पुन्हा पहिल्यासारखं. आम्ही दोघं तिथंच मातीत बसून दहा वेळा करून पाहिलं. दीड वर्ष या आवाजाच्या वर बसून गाडी चालवली अन् एकदाही हे लक्षात आलं नाही.

आकडे, इंजिन चालू, बॅटरीवर 13.8 व्होल्ट :
लाइट बंद : अर्थिंगमध्ये 0.9, प्लसमध्ये 0.6, पंपाला 12.3.
लाइट चालू : अर्थिंगमध्ये 3.6, पंपाला 9.6.
ब्रेक दाबून : अर्थिंगमध्ये 5.1, पंपाला 8.1.

बोल्ट काढायला पान्हा लावला तर तो अर्धा फिरताच तुटला. खालची लग (वायरच्या टोकाची कडी) हिरवी पडली होती, हातात घेतली तर तिचे पापुद्रे निघाले. तिच्याखाली चेसिसचा काळा रंग तसाच होता, कुणी घासलाच नव्हता. म्हणजे करंट फक्त बोल्टच्या आट्यांतून जात होता.

आर्वीवाले काका, झाकण उघडलं, फुस्स काही झालं नाही. बरणीत सकाळी खाली बोटभर जाड पाण्याचा थर अन् लाल गाळ निघाला. टाकी काढून धुतो आहे. जुना फीड पंप बाबांनी गोडाऊनमध्ये फडक्यात बांधून ठेवला होता, किट आणायला आज अमरावतीला माणूस गेला.

वायरमन_यवतमाळ

पाच व्होल्ट एका बोल्टमध्ये! आता मागच्या बोल्टवर काहीच विश्वास ठेवू नका. पंपाची मायनस अडीच एमएमच्या वायरनं थेट बॅटरीच्या मायनसला आणा. टेल लाइटला वेगळी जागा, रंग घासून चकचकीत करून, वरून ग्रीस. प्लस बाजूला रिले टाका (चाबीच्या थोड्या करंटवर पंपाचा पूर्ण करंट चालू-बंद करणारा स्विच, आकडे त्याच्या टोकांचे) : 30 ला बॅटरीकडून फ्यूज घेऊन, 87 पंपाला, 86 चाबीवरून, 85 अर्थिंगला. चाबीच्या स्विचमधून पंपाचा पूर्ण करंट नेऊ नका. फ्यूज बॅटरीच्या एक वीतभर अंतरात पाहिजे, पंपाजवळ नाही. नाहीतर मधली वायर चेसिसला घासली की जळेल.

एक आणखी, हे टाळू नका. 85 ची वायर ऑइल प्रेशर स्विचमधून नेता येते का ते जवळच्या इलेक्ट्रिशियनला विचारा, म्हणजे इंजिन बंद झालं की पंपही बंद. कुठं ठोकली अन् पाइप तुटला तर चाबी चालू असेपर्यंत हा पंप रस्त्यावर डिझेल सांडत राहते.

वरुडचा_संत्रावाला

झालं भाऊ. दोन्ही वायरी नव्या, रिले बसवला, प्रेशर स्विचचं उद्या करतो. लाइट चालू अन् ब्रेक दाबून पंपाला 13.4. ठोका बदलत नाही. फीड पंप लागला की शेजारच्यांचा गहू भरून काटोलच्या पुढं रात्रीच जाऊन येतो अन् लिहितो.