पन्हाळा-पावनखिंड: आषाढ की दसऱ्यानंतर?

पन्हाळा ते पावनखिंड ही पायी वाट आषाढातच चालावी, असं काही जण म्हणतात, ते पटतं. महाराज जुलै १६६० मध्ये भर पावसात इथूनच विशाळगडाकडे निघाले, तो थरार थंडीत कुठला! पण पहिल्यांदाच जाणार, त्यात पोरंबाळं बरोबर, तर दसऱ्यानंतर जा.

आम्ही पावसातच गेलो, तेव्हा वाटेतल्या मसाई पठारावर असं धुकं उतरलं की पुढच्याची पाठ दिसेना. सगळा सपाट जांभा खडक, खुणेला झाड नाही. तासभर चालून पुन्हा त्याच डबक्यापाशी! शेवटी एका गुराख्याच्या हाळीवर वाट सापडली. आणि जळवांचं कुणी बोललंच नाही राव. मोजे तंबाखूच्या पाण्यात भिजवून वाळवून घ्या, आमच्या घोळक्यात ज्यानं हे केलं तोच वाचला.