दम्याच्या घोड्याला अँटिऑक्सिडंट: कुठले, किती?

लगाम: काशीदच्या किनाऱ्यावर चालणारा माझा घोडा, वय १२. पाऊस लागला की सुका खोकला, उभ्या जागी नाकपुड्या फुगलेल्या, कुशी उडतात. ताप नाही. सुके गवत, भाताचा पेंढा, रात्री कोंडा. डॉक्टरांचे दम्याचे औषध चालू आहे. सोबत अँटिऑक्सिडंट, म्हणजे पेशींची झीज रोखणारे घटक, म्हणून व्हिटॅमिन सी, ई, सेलेनियम यांतले काय द्यावे?

खरारा: दादा, पावडरच्या डब्याआधी पेंढ्याची उडवी (गंजी) बघा. पावसात पेंढ्या आतून बुरशी धरतात आणि ती धूळ रोज नाकात जाते. ती थांबल्याशिवाय कुठलीही पावडर पुरी पडत नाही. कुबट वासाचे गवत सरळ फेका. चांगले गवत अर्धा तास पूर्ण बुडवा, पाणी ओतून टाका, ओलेच घाला. आपल्या उकाड्यात ते लवकर आंबते, म्हणून एका वेळेपुरतेच भिजवा. जाळीत टांगू नका, मान खाली राहिली की शेंबूड बाहेर पडतो. वाळूवरही नको, पोटात वाळू साचून शूळ उठतो. रुंद घमेले ठेवा. डासांसाठी तबेल्यात धूर करत असाल तर आजच बंद करा.

नालबंद: मात्रा वजनावर ठरते. छातीच्या घेराचा सेंटिमीटरमध्ये वर्ग, गुणिले खांद्यापासून पुठ्ठ्यापर्यंतची लांबी, भागिले ११८७७. घेर १६०, लांबी १४५ असेल तर सुमारे ३१२ किलो.

सुक्या वैरणीवरच्या घोड्याला पहिले ई. हिरव्या गवतात ते भरपूर, वाळताना बरेचसे जाते. वजनाच्या किलोला २ आययू (व्हिटॅमिन मोजायचे आंतरराष्ट्रीय एकक), म्हणजे सव्वासहाशेच्या आसपास, खाण्यासोबत. नैसर्गिक डी-अल्फा रूप कृत्रिमापेक्षा जास्त अंगी लागते.

सी घोड्याचे यकृत स्वतःच बनवते, तरी दम्यात फुप्फुसातल्या द्रवात ते कमी आढळते. किलोला २० मिलीग्राम धरून रोज ६ ग्रॅम, दोन वेळांत. दमट हवेत पावडर पिवळी पडते, लहान हवाबंद पुडे घ्या. थांबवताना एकदम तोडू नका, हळूहळू कमी करा.

सेलेनियम वेगळे नकोच. ५०० किलोच्या घोड्यालाही दिवसाला १ मिलीग्राम पुरते, आणि मिनरल मिक्स्चरमध्ये ते बहुधा असते. जास्त झाले की आयाळ-शेपूट झडते, खुरांना भेगा पडतात.

खरारा: कोंडा ताजाच हवा, खवट झालेले तेल ई खाऊन टाकते. जवस रोजच्या रोज भरडून १०० ग्रॅम द्या, त्यातले ओमेगा-३ सूज कमी करायला मदत करते. खोबरेल तेलात ते नसते.

लगाम: फरक कधी कळेल?

नालबंद: धूळ हटवून तीन-चार आठवडे द्या, डॉक्टरांचे औषध मनाने सोडू नका. रोज सकाळी कामाआधी मिनिटाचे श्वास मोजा, निरोगी घोड्याचे ८ ते १६. मात्र ताप, नाकातून पू किंवा कातडीवर गाठी दिसल्या तर तो ग्लँडर्स हा घोड्यांचा संसर्गजन्य रोग असू शकतो आणि तो माणसालाही होतो. घोडा वेगळा बांधा, त्याची बादली दुसऱ्याला लावू नका, त्याच दिवशी सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा.