किंग काउंटीचा कलेसाठीचा सेल्स टॅक्स: मतदारांना न विचारता लावला, ते पटतं का?

रोखठोक: अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात सिएटल, बेलव्ह्यू, रेडमंड ज्या किंग काउंटीत येतात तिथे एप्रिल २०२४ पासून करपात्र खरेदीवर ०.१ टक्का जादा सेल्स टॅक्स लागतो. नाव ‘डोअर्स ओपन’. पैसा नाटक-संगीत, वारसा आणि विज्ञानाच्या संस्थांना जातो, वाटप ‘फोरकल्चर’ ही काउंटीची सांस्कृतिक संस्था करते. हजार डॉलरच्या सोफ्यावर एक डॉलर, म्हणजे रक्कम किरकोळच. आक्षेप रीतीला आहे. ऑगस्ट २०१७ मध्ये असाच कर मतपत्रिकेवर आला होता आणि लोकांनी पाडला. २०२३ मध्ये राज्याने कायदा बदलला, मतदान न घेता कर लावायची मुभा काउंटी कौन्सिलला मिळाली आणि त्याच डिसेंबरात तो मंजूरही झाला. शेजारच्या टाकोमा शहराने २०१८ मध्ये लोकांना विचारूनच केलं ना?

हिशेबी: कौन्सिलही लोकांनीच निवडलंय. शिवाय २०१७ चं ते मतदान ऑगस्टच्या प्रायमरीतलं, म्हणजे प्राथमिक निवडणुकीतलं. तेव्हा नोव्हेंबरच्या मानाने फार कमी लोक मत देतात. त्याला ‘जनतेचा कौल’ म्हणणं जरा जास्तच होतं. आणि कायद्यात मुदत आहे: सलग सात वर्षं, पुढे नव्याने मंजुरी.

रोखठोक: ऑगस्टचा कौल कच्चा, तर उद्यानांच्या लेव्हीचं, म्हणजे प्रॉपर्टी टॅक्समधून वसूल होणाऱ्या कराचं काय? तीही ऑगस्ट २०२५ मध्येच मताला टाकली आणि मंजूर झाली. दर मतदानाआधीच जाहीर होता: घराच्या हजार डॉलर मूल्यामागे ०.२३२९ डॉलर. दहा लाखांच्या घराला पहिल्या वर्षी सुमारे २३३ डॉलर. बागांसाठी विचारता येतं, मग कलेसाठी विचारायला काय झालं?

उंबरठा: कृपा करून प्रॉपर्टी टॅक्सची वाट दाखवू नका! आधीच म्हणे वाढीला एक टक्क्याची मर्यादा आहे, तरी बिलं सहा-आठ टक्क्यांनी फुगतात. सेल्स टॅक्स निदान पाहुणेही भरतात.

हिशेबी: हा गैरसमज घरोघरी आहे. एक टक्क्याची मर्यादा तुमच्या बिलाला नाही. काउंटी, शहर, अग्निशमन अशा प्रत्येक कर-जिल्ह्याच्या नेहमीच्या लेव्हीतून वर्षाला एकूण किती जमा व्हावं, त्याला ती आहे. नवीन बांधकामाचा कर त्याबाहेर, मतदारांनी मंजूर केलेल्या जादा लेव्ह्याही बाहेर. आधी एकूण रक्कम ठरते, मग ती मूल्यांच्या प्रमाणात घरांवर वाटली जाते. सगळ्यांचीच घरं दहा टक्क्यांनी वाढली तर वाटा तसाच राहतो. तुमचं वीस टक्क्यांनी वाढलं आणि शेजाऱ्याचं पाचने, तर भार तुमच्याकडे सरकतो.

मूल्य पटलं नाही तर मूल्यांकनाचं कार्ड टपालात पडल्यापासून ६० दिवसांत अपील करा. ‘कर परवडत नाही’ हा मुद्दा तिथे चालत नाही. १ जानेवारीच्या आसपास विकलेली, तुमच्याच भागातली, तेवढ्याच क्षेत्रफळाची घरं दाखवा. छत गळत असेल तर दुरुस्तीचं कोटेशन जोडा. अपील चालू असलं तरी ३० एप्रिल आणि ३१ ऑक्टोबरचे हप्ते भरावेच लागतात.

भाडेकरी: पाहुणे भरतात हे खरं, पण कमी पगाराच्या माणसाचा कमाईतला मोठा हिस्सा सेल्स टॅक्समध्ये जातो त्याचं काय? किराणा आणि डॉक्टरने लिहून दिलेली औषधं सुटतात, कपडे, भांडी, टायर सुटत नाहीत. आणि हा कर पावतीत मुरून जातो. लेव्ही निदान बिलावर नजरेला पडते.

तिसरी घंटा: वादाचं सोडा, पैसा येतोय तर आपल्या मराठी मंडळांनी मागायला काय हरकत आहे? त्यातून शाळांच्या सांस्कृतिक सहलींच्या बसचाही खर्च निघतो. अडचण मंडळाच्या घटनेत, म्हणजे नियमावलीत आहे. संस्थेचा मुख्य उद्देश कला, वारसा, विज्ञान असा हवा. कागदावर ‘मराठी बांधवांचा स्नेहमेळावा व समाजकार्य’ असेल तर तिथेच अडकाल. उद्देशाचं कलम आधी बदला, अर्ज नंतर.

रोखठोक: पैसे जरूर मागा, पण मुदत संपताना हा कर मतपत्रिकेवर आणा, एवढंच म्हणणं आहे.

हिशेबी: आणाच. फक्त टपालाने येणाऱ्या मतपत्रिकेच्या पाकिटावर सही करायला विसरू नका. सही नसली किंवा नोंदीतल्या सहीशी जुळली नाही तर मत बाजूला ठेवतात. निवडणूक कार्यालय कळवतं. निकाल प्रमाणित होण्याच्या आदल्या दिवसापर्यंत दुरुस्ती करता येते. मतपत्रिका परत पाठवायला टपाल तिकीट लागत नाही. शेवटच्या दिवशी मात्र टपालावर विसंबू नका, ड्रॉपबॉक्स गाठा. तो रात्री आठला बंद होतो.